अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि थायरॉईडचा कागद

दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेले बाळ काचेच्या पेटीत राहून आता जरा सावरलेले असते. नळीने दिलेले दूध पचू लागते, वजन चार-दोन ग्रॅमने वर सरकते, घरची मंडळी बाळाला घरी नेण्याच्या गोष्टी करू लागतात. आणि नेमका तेव्हाच हातात तपासणीचा एक कागद पडतो. त्यावर 'टी-४ कमी' असे लिहिलेले असते. कोणीतरी सांगते, "बाळाला थायरॉईड आहे." झाले! आई रडू लागते, आजी म्हणते आमच्या घराण्यात हे कुणाला नव्हते, आणि बाप तो कागद घेऊन तीन डॉक्टरांचे दरवाजे ठोठावतो.

पेण आणि रोहा भागात असे कागद घेऊन येणारे पालक आता वरचेवर भेटतात. पूर्वी ते भेटत नसत, याचे कारण सोपे आहे. सातव्या महिन्यात जन्मलेली बाळे पूर्वी क्वचितच वाचत, आणि जी वाचत त्यांची ही तपासणी होत नसे. आता बाळे वाचतात, तपासणीही होते. म्हणून हा कागद कसा वाचायचा, कशाला घाबरायचे आणि कशाला मुळीच घाबरायचे नाही, हे आज पाहू.

पहिली गोष्ट, 'थायरॉईड आहे' हे वाक्यच चुकीचे आहे. थायरॉईड प्रत्येकालाच असते. गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही एक ग्रंथी आहे. प्रश्न तिच्यातून निघणारा रस पुरेसा आहे की नाही, एवढाच असतो.

ही ग्रंथी काय करते?

आपण खातो त्या मिठातले आयोडीन घेऊन ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक बनवते. यालाच टी-४ म्हणतात. ते रक्तातून सर्व शरीरात जाते. शरीराची ऊब, हृदयाची गती, हाडांची वाढ, आतड्याची हालचाल, सगळ्यांवर त्याचा अंमल असतो. मोठ्या माणसात ते कमी पडले तर सुस्ती येते, वजन वाढते, थंडी वाजते. औषध सुरू केले की माणूस पूर्ववत होतो.

बाळाचे तसे नसते. पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बाळाच्या मेंदूची जडणघडण चालू असते, आणि त्या कामाला थायरॉक्सिन लागतेच. त्या काळात ते दीर्घकाळ कमी पडले तर झालेले नुकसान पुढे कितीही औषध दिले तरी पूर्णपणे भरून निघत नाही. मतिमंदत्व येण्याच्या ज्या कारणांना वेळीच आळा घालता येतो, त्यांत हे एक प्रमुख कारण आहे.

या ग्रंथीवर देखरेख करते ती मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी. रक्तातले थायरॉक्सिन कमी झाले की पीयूषिका टीएसएच नावाचा हुकूम सोडते. थायरॉईड जितकी ढिली, तितका हुकूम मोठ्या आवाजात. म्हणून कागदावर टी-४ आणि टीएसएच हे दोन्ही आकडे एकत्र वाचावे लागतात. एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

पोटातले बाळ आणि बाहेर आलेले बाळ

गर्भाची थायरॉईड साधारण बाराव्या आठवड्यापासून हळूहळू काम करू लागते. पण तिचे काम तोकडे असते आणि पीयूषिकेशी तिचा मेळ जमायला पूर्ण नऊ महिने लागतात. तोपर्यंतची उणीव आई भरून काढते. आईच्या रक्तातले थायरॉक्सिन वारेतून बाळाला मिळत असते.

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा पोटातल्या उबेतून एकदम बाहेरच्या गारव्यात येते. त्यासरशी पहिल्या अर्ध्या तासातच त्याच्या पीयूषिकेतून टीएसएचचा मोठा लोंढा येतो, थायरॉईड खडबडून कामाला लागते आणि रक्तातले टी-४ वाढते. दोन-तीन दिवसांत टीएसएच पुन्हा खाली येते. जन्मल्यानंतर लगेच केलेल्या तपासणीत टीएसएच फार वाढलेले दिसते ते यामुळेच. म्हणून रक्त शक्यतो ४८ तासांनंतर घ्यावे, असे तज्ज्ञ सांगतात.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. त्यातही २८-३० आठवड्यांच्या बाळाचे काय होते पाहा. नाळ कापली की आईकडून येणारे थायरॉक्सिन बंद. स्वतःची ग्रंथी कच्ची. आयोडीनचा साठा तुटपुंजा. पीयूषिका हुकूम देते, पण क्षीण आवाजात. त्यातून श्वासाचा त्रास किंवा जंतुसंसर्ग असेल तर शरीर आपणहून थायरॉक्सिनचे काम मंद करते. रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेले डोपामिन आणि स्टेरॉईड ही औषधेही टीएसएच दाबतात. या सर्वांमुळे पहिल्या एक-दोन आठवड्यांत टी-४ खाली जाते, पण टीएसएच मात्र वाढलेले नसते. नंतर बाळ जसजसे मोठे होते तसतसे टी-४ आपोआप वर येते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात गेलेल्या कुणालाही हे समजेल. साच्यातून घाईने काढलेली मूर्ती ओली असते. तिला भेग पडली असे म्हणून चालत नाही, तिला सावलीत वाळू द्यावे लागते. या बाळांचे बहुतेक वेळा असेच असते. हा आजार नव्हे, अपुरेपणा आहे.

मग थायरॉक्सिन देऊन का टाकत नाहीत?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. कमी आहे तर वरून द्या, त्यात काय बिघडले?

डॉक्टरांनाही हेच वाटले होते. १९९६ साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले की, अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांचे टी-४ फारच खाली गेले होते त्यांच्यात पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसणे, अधिक प्रमाणात आढळले. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या २०० बाळांवर प्रयोग झाला. निम्म्यांना सहा आठवडे थायरॉक्सिन दिले, निम्म्यांना नुसते पाणी-औषध. १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या वाढीत एकंदरीत फरक नव्हता. अगदी लहान, म्हणजे २५-२६ आठवड्यांच्या बाळांना थोडा फायदा झालासा वाटला, पण त्याहून मोठ्या बाळांत उलट तोटा होण्याची शंका आली.

याचा अर्थ असा की, टी-४ कमी असणे हे पुष्कळदा बाळ किती आजारी आहे याचे माप असते. ताप मोजण्याच्या नळीतला पारा हाताने खाली उतरवला म्हणून ताप उतरत नाही. तसेच हे. म्हणून टीएसएच वाढलेले नसताना केवळ टी-४ कमी दिसले म्हणून सर्व बाळांना सरसकट औषध देऊ नये, असेच आज मानले जाते. अशा बाळाला जपायचे ते ऊब, आईचे दूध, श्वास आणि जंतुसंसर्ग याबाबत. आणि तपासणी पुन्हा करायची.

या 'पुन्हा करायची' या दोन शब्दांतच आजच्या लेखाचे सारे सार आहे.

लपून बसलेला खरा आजार

काही बाळांत थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नसते, भलत्या जागी असते किंवा संप्रेरक बनवण्याची तिची रीतच बिघडलेली असते. हा जन्मजात थायरॉईड-कमतरतेचा खरा आजार. तो पूर्ण दिवसांच्या बाळालाही होतो. १९७० च्या दशकात कॅनडातील क्यूबेक प्रांतात बाळाच्या टाचेतून टिपकागदावर रक्ताचा थेंब घेऊन हा आजार शोधण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत बालरोग व अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बारा हजारांहून अधिक नवजात बाळांची अशी तपासणी केली. १९८७ साली त्यांनी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २,५०० बाळांमागे एकाला हा आजार आढळला. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील अनेक केंद्रांत केलेल्या मोठ्या पाहणीत हे प्रमाण त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे हजार-अकराशे बाळांमागे एक असे निघाले.

पूर्ण दिवसांच्या आजारी बाळात टीएसएच पहिल्या आठवड्यातच भरपूर वाढलेले दिसते आणि चोर लगेच सापडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र गोम आहे. त्याच्या पीयूषिकेचा आवाजच लहान. त्यामुळे ग्रंथी खराब असली तरी पहिल्या तपासणीत टीएसएच सर्वसाधारण येऊ शकते, आणि दोन ते चार-सहा आठवड्यांनी अचानक चढते. पहिला कागद 'नॉर्मल' म्हणून कपाटात ठेवला, पुन्हा रक्त तपासले नाही, तर आजार निसटून जातो.

म्हणजे एकाच कागदाबाबत दोन चुका होऊ शकतात. टी-४ कमी दिसले म्हणून धास्ती घेऊन नको असलेले औषध सुरू करणे ही एक, आणि टीएसएच ठीक दिसले म्हणून निर्धास्त होणे ही दुसरी. दुसरी अधिक महाग पडते, कारण तिची किंमत बाळाची बुद्धी असते.

कोणी म्हणेल, लक्षणे दिसली की नेऊ डॉक्टरकडे. लक्षणे अशी: रेंगाळणारी कावीळ, बद्धकोष्ठ, फुगलेली बेंबी, घोगरे रडणे, जाड जीभ, कोरडी गार कातडी, दूध ओढताना दमणे. पण ही लक्षणे सावकाश येतात, आणि कावीळ, सुस्ती, गार अंग तर अपुऱ्या दिवसांच्या कोणत्याही बाळात असतात. शिवाय आई सांगते, "बाळ फार शहाणे आहे हो, रडत म्हणून नाही, दुधाला उठवावे लागते." शांत बाळ हे नेहमीच गुणी बाळ नसते. लक्षणांची वाट पाहणे म्हणजे मेंदूचे नुकसान होऊ देणे.

पाचवी, बारसे, सव्वा महिना

तपासणी केव्हा करायची हे लक्षात ठेवण्यासाठी मी पालकांना आपल्याच घरातल्या चालीरीती सांगतो.

पहिली तपासणी पाचवी पुजण्याच्या आत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बाळ फार आजारी असेल तर डॉक्टर ती थोडी पुढे ढकलतील, पण पहिला आठवडा उलटू देऊ नये.

दुसरी बारशाच्या सुमारास, म्हणजे दोन आठवड्यांनी. बारसे पुढे ढकलले तरी चालेल, तपासणी नको.

तिसरी बाळंतिणीचा सव्वा महिना संपण्याच्या आत. विशेषतः जन्मतः दीड किलोपेक्षा कमी वजन असलेली, ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली किंवा अतिदक्षता कक्षात राहिलेली बाळे यांना ही तिसरी तपासणी चुकवू नये. जुळ्यांपैकी एकात दोष असेल तर दुसऱ्याचेही रक्त पुन्हा तपासावे.

दोन आठवड्यांनंतरही टीएसएच १० च्या वर राहिले आणि टी-४ कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञ थायरॉक्सिन सुरू करतात. टीएसएच फारच वाढलेले असेल तर ते दुसऱ्या कागदाची वाट पाहत नाहीत, कारण औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर बाळाची बुद्धी इतर मुलांसारखी होण्याची खूप चांगली आशा असते. टी-४ कमीच राहिले आणि टीएसएचही वाढत नसेल, तर दर दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त पाहावे. फार क्वचित दोष थायरॉईडमध्ये नसून पीयूषिकेत असतो. तो या पाठपुराव्यातच कळतो.

आपल्या भागातली खरी अडचण

हे सारे वाचायला सोपे आहे. अडचण आहे ती दुसऱ्या तपासणीपर्यंत बाळ पोहोचण्याची.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुलगी रोह्याला माहेरी, सासर पेणला, बाळ अलिबागच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात. पहिला कागद एका ठिकाणी, डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या ठिकाणी, आणि आजोबांच्या खिशात तिसराच कागद. कुणालाच सगळे ठाऊक नसते. म्हणून बाळाचे सर्व कागद एकाच पिशवीत ठेवा आणि पुढच्या तपासणीची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

याहून कठीण स्थिती आपल्या कातकरी वाड्यांवर आहे. दिवाळीनंतर ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. गरोदर बाई रक्तक्षय अंगावर घेऊन विटा वाहते, वेळेआधी बाळंत होते आणि आठ दिवसांत बाळाला पाठीशी बांधून भट्टीवर परतते. तिच्या बाळाची दुसरी तपासणी करायची तर तिचा ठिकाणा आधी ठाऊक हवा. दवाखान्यातून सोडताना 'कुठल्या गावच्या भट्टीवर जाणार' एवढे विचारून लिहून ठेवले आणि तिथल्या आशा सेविकेला कळवले, तर अनेक बाळे हाती लागतील. भट्टीमालकानेही एका दिवसाची मजुरी न कापता त्या बाईला दवाखान्यात जाऊ द्यावे. यात फार मोठा खर्च नाही.

आशा सेविका बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देतात. चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवस आपल्या तपासणीच्या दिवसांशी जुळतो. त्या दिवशी त्यांनी वजनासोबत 'थायरॉईडचे रक्त पुन्हा दिले का?' एवढे विचारले तरी पुरे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे, पण ऐच्छिक म्हणून. तेव्हा ही तपासणी प्रत्येक ठिकाणी आपोआप होईल असे धरून चालू नका. संकोच न करता विचारा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाच्या तपासण्या आणि औषधे विनामूल्य मिळण्याची सोय जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून आहे.

आयोडीन: कमीही नको, जास्तही नको

पेणचा खारेपाट मिठागरांसाठी प्रसिद्ध. त्यामुळे 'आम्ही समुद्राकाठचे, आम्हाला आयोडीनची काय कमी?' असे अनेकजण म्हणतात. हा समज खरा नाही. मिठागरातल्या खडेमिठात आयोडीन नगण्य असते. मासे खाल्ल्याने थोडे मिळते, पण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईची गरज दिवसाला २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे इतरांच्या दीडपटीहून अधिक असते. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा. डबा झाकून ठेवा आणि मीठ चुलीपासून लांब ठेवा. आईला मिळाले तरच तिच्या दुधातून बाळाला मिळते.

उलट बाजूही ध्यानात घ्या. जखमेवर लावायचे तपकिरी आयोडीनचे औषध अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बेंबीला किंवा अंगाला वारंवार लावू नये. त्याची कातडी इतकी पातळ असते की आयोडीन आत शिरते, आणि आयोडीन एकदम जास्त झाले की कच्ची थायरॉईड काम थांबवते. बेंबी स्वच्छ आणि कोरडी ठेवा. हळद, राख, तेल, काही लावू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आठव्या महिन्याचे बाळ जगत नाही, सातव्याचे जगते, असे म्हणतात. खरे का?*
अजिबात नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितके बाळ सुदृढ. आठव्या महिन्याच्या बाळाला सातव्यापेक्षा नेहमीच अधिक संधी असते.

*आईला थायरॉईडची गोळी चालू होती. तिने गरोदरपणात बंद करावी का?*
मुळीच नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ सर्वस्वी आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. गोळी चालू ठेवावी, मात्रा डॉक्टर ठरवतील. अंगावर पाजतानाही ती चालते.

*बाळाला गोळी कशी द्यायची?*
ठरवून दिलेल्या मात्रेची गोळी चमच्यात चुरडून आईच्या दुधात किंवा पाण्यात कालवून लगेच द्यावी. दुधाच्या बाटलीत टाकू नये, कारण तळाशी राहते. लोह आणि कॅल्शियमची औषधे त्याच वेळी देऊ नयेत, काही तासांचे अंतर ठेवावे. दिवस चुकवू नये.

*गोळी जन्मभर घ्यावी लागेल का?*
प्रत्येकाला नाही. अपुऱ्या दिवसांच्या अनेक बाळांत हा दोष तात्पुरता असतो. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर तज्ज्ञ काही आठवडे औषध थांबवून रक्त तपासतात आणि मग ठरवतात. त्याआधी आपल्या मनाने बंद करू नये. पहिली तीन वर्षे मेंदूची असतात.

*बाळ आता गुटगुटीत झाले आहे. तरी रक्त द्यायचे?*
होय. वजन दुधाने वाढते. मेंदूचे काय चालले आहे ते वजनकाट्यावर दिसत नाही.

२०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्यांतली बहुतेक आता वाचतात, हे आपल्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि आयांचे मोठे यश आहे. पण वाचलेले मूल उद्या शाळेत बसून इतरांबरोबर पाढे म्हणू शकले पाहिजे. त्यासाठी टाचेतून घेतलेले रक्ताचे दोन-तीन थेंब पुष्कळदा पुरतात. आपल्या घरात, शेजारी किंवा वाडीवर असे एखादे बाळ असेल, तर आज त्याच्या आईला एवढेच विचारा, दुसरी तपासणी झाली का?